उपासाला चहा चालतो

कमल, तेरावा होऊन पाहुणे पांगले, तरी माझ्या ओसरीवर अजून लोकांचे डबे पडून आहेत. सुतकात आपली चूल बंद, म्हणून वस्तीवरच्या प्रत्येक घरानं काही ना काही आणलं. आता कुणाचं पातेलं कुठलं नि कुणाचं झाकण कुठल्या डब्याचं, मला काही उमगत नाही. हे सगळं तुला पाठ असायचं. मी आपलं सगळं घासून मांडून ठेवलंय, ज्याचं त्यानं ओळखून न्यावं. दमले गं मी. रडून दमले म्हणावं तर तेही नाही, रडायला सवड कुठं मिळाली. आल्यागेल्याला चहा करून दमले. तू गेलीस आणि मी मात्र आधण ठेवत बसले.

आणि त्या चहावरूनच मला तुझ्याशी भांडायचंय. तू नाहीस म्हणून सोडून देईन असं समजू नकोस. पोरं तंबू घेऊन आली होती त्या शनिवारी सकाळी तू माझ्या हातचा चहा परत केलास. का केलास ते मला आत्ता कळलंय, आणि कळल्यापासून मला काही गोड लागत नाही. कमल, त्या दिवशी तुला काय दाखवायचं होतं? कधीपासून दुखत होतं? आणि मला का नाही सांगितलंस? एवढंच विचारायचंय.

लोक मला विचारतात, कमल तुमची कोण? जाऊ म्हटलं की गप्प बसतात. जावा म्हणजे भांडत असणार असं त्यांना वाटतं. भांडत होतोच की आपण. वाटणी झाली, मधे भिंत आली, दोन चुली झाल्या, तरी भिंतीवरून भांडत होतो. पण मी थोरली होते. आधी जायचा मान माझा होता. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीत ‘आक्का, आधी तुमी’ म्हणत आलीस, आणि इथंच नेमकी पुढं घुसलीस.

ती दिवाळीची सुट्टी होती. तुझा संदीप त्याच्या सईला आणि माझ्या लेकीच्या अर्णवला घेऊन पुण्याहून येणार होता. त्यानं तुला फोन केला तेव्हा तू बांधावर उभी होतीस, कारण आपल्या मळ्यात रेंज तेवढ्या एका बांधावर येते. ‘आई, शनिवारी येतोय, मळ्यात कॅम्प करायचाय’ एवढं बोलणं झालं आणि फोन कट झाला. तू तशीच पदर खोचून माझ्या दारात आलीस.

“आक्का, संदीप कॅम्प घिऊन येतोय. आपल्या मळ्यात.”

“कसला कॅम्प?” मी विचारलं.

“कसला म्हंजी? तपासणीचा. त्यो औषधाच्या कंपनीत हाय न्हवं? त्यांचीच मानसं असतील.”

आपल्याकडं कॅम्प म्हटलं की दुसरं काय असतं? डोळ्यांचा कॅम्प, शुगरचा कॅम्प, मलकापुरात झाला होता तो गुडघ्यांचा कॅम्प. शाळेच्या वर्गात टेबलं मांडायची, लोकांनी रांग लावायची, रक्त काढायचं, डोळ्यांत थेंब घालायचे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आत आमचे हे पेपर वाचत होते, त्यांनी कॅम्प एवढाच शब्द ऐकला आणि चष्मा काढून विचारलं, “कुठल्या युनिटचा?” रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण यांच्या डोक्यातून मिलिटरी काही जात नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खळ्याच्या जागेवरचं गवत काढलं, चहूबाजूंनी पाण्याला चर खणला आणि चुन्याची सरळ रेघ मारली. एक शब्द आला आणि आपल्या घरात त्याचे तीन अर्थ झाले. तंबू ठोकून दोन दिवस खेळायचं, हा पोरांच्या मनातला खरा अर्थ तेवढा कुणाच्याच ध्यानात आला नाही.

तू गिरणीत सांगितलंस. गिरणीत सांगितलं म्हणजे वस्तीभर झालं. शनिवारी मी अंगण झाडायच्या आत चिंचेखाली माणसं येऊन बसली होती. तात्या एक्स-रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आले होते. हौसाबाई डोक्यावरून पदर घेऊन, अगदी पाहुण्याच्या घरी आल्यासारखी टेकली होती. यांनी मारलेली चुन्याची रेघ रांगेसाठीच आहे असं समजून लोक त्या रेघेवर ओळीनं बसले. हे एवढे खूश झाले की काही विचारू नकोस.

तूही त्या रांगेत होतीस. केस धुतलेले, निळं इरकल नेसलेलं, हातात छोटी पिशवी. मी म्हटलं, लेक येणार म्हणून नटली असेल. सगळ्यांना चहा दिला तशी तुझ्यापुढंही कपबशी केली. तू हात आडवा केलास.

“मला नको, आक्का.”

“का गं?”

“शनवार हाय. उपास.”

तेवढ्यात कुणीतरी पाण्याचा तांब्या मागितला आणि मी उठले. हे वाक्य आता माझ्या कानात घोळतंय. कमल, उपासाला चहा चालतो. एकादशीला चालतो, संकष्टीला चालतो, महाशिवरात्रीला तू आणि मी किती वेळा चहावरच दिवस काढलाय. आणि तुझा उपास गुरुवारचा. शनिवार तू जन्मात कधी धरला नाहीस. चहा पोटात गेल्याशिवाय जिचे डोळे उघडत नाहीत ती बाई उन्हं वर येईतो चहाशिवाय बसली होती. थाप मारायची तर नीट तरी मारायची.

मग संदीपची गाडी आली. पोरं उतरली आणि गाडीच्या डिकीतून एक निळी पिशवी काढली. ओढलं, झटकलं, आणि बघता बघता तंबू उभा राहिला. अर्णव खुंट्या ठोकायला दगड शोधत फिरायला लागला. हे कंबरेवर हात ठेवून म्हणाले, “खुंटी तिरपी मार रे, सरळ मारली तर वाऱ्यानं उपटून येईल.” तात्या उठून तंबूच्या तोंडाशी जाऊन बसले. “हितंच तपासनार व्हय?” म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडून आ केला. सईच्या हातात बॅटरी होती. पोरगी चौथीतली. तिला वाटलं हाही खेळच. तिनं वाकून तात्यांच्या तोंडात उजेड पाडला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “आजोबा, तुमचे दात कुठे गेले?”

त्यानंतर जी काही हसाहशी झाली. संदीपला आधी कळेचना की एवढी माणसं का जमलीत. कळल्यावर तो कपाळाला हात लावून म्हणाला, “आई, अगं कॅम्प म्हणजे तंबू. पोरांनी त्यात झोपायचं, शेकोटी करायची. डॉक्टर नाही आणला मी.” तात्यांनाच हसू आवरेना. आणि तू? तू सगळ्यांत जास्त हसलीस. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग उठलीस आणि म्हणालीस, “आलायसा तर च्या तरी घिऊन जावा.” सगळ्यांना पुन्हा चहा केलास. स्वतः बशीत ओतून घेतलास आणि घटाघटा प्यायलीस, वर आणखी एकदा ओतून घेतलास. मी मनात म्हटलं, सुटला वाटतं बाईचा उपास.

डोळ्यांतलं ते पाणी कसलं होतं, ते आता कुणाला विचारू.

दोन दिवस कसे गेले कळलं नाही. अर्णवला मोबाईल चार्ज करायचा होता, यांनी त्याला सांगितलं, छावणीत लाईट नसते. त्यानं तोंड वाकडं केलं, पण संध्याकाळी काठी खांद्यावर घेऊन पहारा द्यायला तोच पुढं. तंबूजवळ जो येईल त्याला “कोण आहे” म्हणून अडवायचा. म्हैस आली तर म्हशीलाही विचारलं. सईला उसातून कोल्हा ओरडलेला ऐकायचा होता आणि ऐकायचं नव्हतंही. दर थोड्या वेळानं ती विचारायची, “आजी, कोल्हा आज येणार आहे का?” तू सांगायचीस, “तुज्या आजोबांनी रेघ मारलीया न्हवं, ती वलांडून कोल्हा येत न्हाई.” पोरीला पटलं.

त्या शनिवारी संध्याकाळी आपण तीन दगड मांडून एकाच चुलीवर स्वयंपाक केला. वाटणीनंतर पहिल्यांदा. दोघींपैकी कुणी बोललं नाही, पण मला ते जाणवत होतं आणि तुलाही जाणवत असणार. तू भाकरी थापायचीस, मी भाजायचे. पूर्वी असंच असायचं. हात चुकले नाहीत. मधली सगळी वर्षं गेली कुठं, असं मला वाटून गेलं. कमल, बाकी मी तुझ्यावर कितीही चिडले असले तरी त्या एका संध्याकाळसाठी तुझे उपकार मानते. तंबू आला नसता तर ती भिंत ओलांडून आपण एका चुलीपुढं बसलो नसतो.

निखाऱ्यात वांगी भाजली. आता भांडण होणार हे ठरलेलं. भरतात तुला शेंगदाण्याचं कूट लागायचं. मी म्हणायचे, कूट घातलं की वांग्याचा धुरकट वास मरतो, मग भरीत करायचं कशाला, सरळ भाजी करावी. तू म्हणायचीस, कूट नसलेलं भरीत दवाखान्यातल्या पेशंटला द्यावं. सासूबाई होत्या तेव्हापासूनचा हा वाद. त्यांनीही निकाल दिला नव्हता. मी त्या दिवशी भांडायच्या तयारीनंच म्हटलं, “कूट घालायचं नाही हां, आधीच सांगते.”

तू वांग्याची साल काढत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “तुमच्या परमानं करा, आक्का.”

मला तेव्हा खरं तर बरं वाटलं. जिंकले म्हणून. पोरांना भरीत आवडलं, यांनी दोनदा मागून घेतलं, आणि मी तुझ्याकडं बघत होते की आता काहीतरी टोमणा येईल. आला नाही. तू अर्धी भाकरी खाल्लीस आणि उरलेली सईच्या ताटात सरकवलीस. तू हार मानतेस, कमल? लग्नाच्या हळदीत कुणी जास्त पाणी घातलं यावरून वीस वर्षांनी भांडणारी बाई तू. तुझं ‘तुमच्या परमानं करा’ मला आता रात्रंदिवस टोचतंय. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं.

जेवणाआधी सईनं तुला तंबूत ओढून नेलं होतं. “आजी, आत झोपून बघ ना, खाली गादी आहे.” तू गेलीस, आडवी झालीस, आणि तुला उठता येईना. आतून तुझं हसणं ऐकू येत होतं. “आक्का, मला काडा गं कुनीतरी, मी हितंच मुक्काम करतेय.” मी वाकून हात दिला आणि ओढलं. तुझा हात हातात आला तो किती हलका. पूर्वी उसाची मोळी एकटी डोक्यावर घेणारी तू. मी म्हटलं, “काही खात नाहीस वाटतं.” तू म्हणालीस, “पित्त हाय वो. काय जात न्हाई.” पित्त. आपल्या बायकांच्या सगळ्या दुखण्यांचं नाव एकच, पित्त.

दुसऱ्या दिवशी पोरं निघाली. सईनं गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढून सांगितलं, “आजी, पुढच्या वर्षी डॉक्टरवाला कॅम्प करू. मी डॉक्टर होते, तू पहिला नंबर.” तू हात हलवत राहिलीस. तंबू उभा होता तिथलं गवत दबून पिवळं पडलं होतं. तू त्या जागेवरून चालताना तेवढा चौकोन टाळून गेलीस. का, ते मी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस.

मग संक्रांतीच्या आधी तू अंथरूण धरलंस. संदीप धावत आला, कराडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटातलं दुखणं आहे, जुनं आहे, बरेच दिवस दुखत असणार, आधी आणायला हवं होतं. संदीप तिथल्या तिथं खाली बसला. औषधाच्या कंपनीत काम करणारा लेक आणि त्याच्या आईनं त्याला पोट दुखतं एवढं सांगू नये. मी तुझ्या उशाशी होते. तू डोळे मिटून पडलेलीस. मी विचारलं, “कधीपासून गं?” तू म्हणालीस, “झोपू द्या आक्का, दमलीया.” मी झोपू दिलं. नंतर पुन्हा विचारायची वेळ आली नाही.

आता तेराव्याची गोष्ट सांगते. पंगत उठली होती, हौसाबाई माझ्याजवळ बसून पानाला चुना लावत होती. तुझाच विषय. तंबूचा विषय निघाला, दोघी हसलो. मग ती म्हणाली, “त्या दिशी लय हाल झालं बघा माझं. सकाळधरनं पोटात काय न्हाई. कमलनंच बजावून सांगितलेलं, रगत द्यायचं आसंल तर उपाशी या, च्या बी घेऊ नगा. म्या आपला घेतला न्हाई. तुमी च्या दिलासा तर बाजूला ठिवला. आन् मग म्हनं कॅम्पच न्हाई.” तिला ती गंमत वाटत होती.

तेव्हा कळलं, कमल. तू उपाशी होतीस ती उपासासाठी नाही. तुला रक्त द्यायचं होतं.

तेव्हापासून मी हेच उलटसुलट करत बसलेय. तुला दुखत होतं. तुला माहीत होतं की काहीतरी आहे. मग तू गेली का नाहीस कराडला, एसटी तर आपल्या फाट्यावर थांबते. याचंही उत्तर मला माहीत आहे, कारण मीही बाईच आहे. भाऊजी गेल्यापासून तू एकटी, आणि एकटीनं दवाखान्यात जायचं म्हणजे चार जणांना सांगावं लागतं. संदीपनं रजा टाकायची, यांनी सोबत यायचं, मी घरी म्हशीचं बघायचं, वस्तीनं विचारायचं, काय झालं गं कमलला? एवढा गाजावाजा एका पोटासाठी करायचा म्हणजे आपल्याला लाज वाटते. कॅम्पात तसं नसतं. तात्यांचे डोळे बघायचे, हौसाबाईची शुगर बघायची, त्या रांगेत जाता जाता आपलंही पोट दाखवायचं. कुणाचं लक्ष नसतं. म्हणून बायका कॅम्पची वाट बघत बसतात. तू तशीच वाट बघत होतीस, आणि लेकानं फोनवर तो शब्द उच्चारला तेव्हा तुला वाटलं, आला बाई एकदाचा. आणि गाडीतून तंबू निघाला.

त्यात संदीपची काय चूक? पोरांची काय चूक? कुणाचीच नाही. चिडायचं तरी कुणावर. म्हणून तुझ्यावर चिडते. सगळे हसत होते तेव्हा तू हसायच्या ऐवजी एकदा म्हणायचं होतंस, संदीप, डॉक्टर नसला तर नसू दे, मला दुखतंय. लोकांदेखत म्हणायचं होतंस. काय झालं असतं? चार माणसं गप्प झाली असती, सईनं तुझ्या पोटावर बॅटरी धरली असती, आणि सोमवारी तू कराडात असतीस. वाचली असतीस असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. पण आम्हाला निदान माहीत असतं. तू एकटीनं ते सगळं पोटात घेऊन आमच्यासाठी भाकरी थापत होतीस, हे तरी झालं नसतं.

आणि ऐक, तुला म्हणून सांगते. पाऊस उघडल्यापासून बांध चढताना मला छातीत धरतं. डावा हात जड होतो. थोडं उभं राहिलं की जातं. मी कुणाला सांगितलं नाही. यांना नाही, लेकीला नाही. विचारलं कुणी की पित्त म्हणते. बघ, तुझ्यावर ओरडतेय ती मी अशी. फेब्रुवारीत शाळेत कॅम्प आहे असं ऐकलं होतं, म्हटलं तेव्हा बघू, जाता जाता.

तू गेल्यापासून सकाळचा चहा हे करतात. पाणचट करतात, साखर ढवळत नाहीत, पण करतात. आज सकाळी दोन कप घेऊन ओसरीवर आले. लोकांचे डबे एका बाजूला सारून माझ्या शेजारी टेकले आणि कप पुढं केला. छातीत पुन्हा धरलं होतं, मी हात आडवा केला.

“आवं, मला नको.”

यांनी माझ्याकडं बघितलं. “का? उपास हाय का आज?”

कमल, क्षणभर तोंडावर आलं होतं, होय म्हणावं. किती सोपं होतं. तू कशी म्हणालीस ते मला तेव्हा समजलं.

“उपासाला चहा चालतो,” मी म्हटलं.

यांनी दोन्ही कप खाली ठेवले. मग इतक्या वर्षांच्या संसारात मी ज्या आवाजात कधी ऐकलं नव्हतं तशा आवाजात विचारलं, “काय होतंय गं तुला?”

आणि कमल, मी सांगितलं.